कॉनवेच्या खेळांना अशी नावं का?

प्रश्न असा आहे: गणिती जॉन कॉनवे यांची गेम थिअरी वाचायला घेतली की 'स्टार', 'अप', 'टायनी', 'फझी', 'हॉट', 'ईव्हिल' असली नावं पानोपानी भेटतात. ही नुसती गंमत आहे की त्या नावांना काही अर्थ आहे? आणि मराठीतून शिकवायचं झालं तर ती तशीच ठेवावीत की मराठी करावीत?

मी गणिताचे जादा वर्ग घेतो. ऑलिंपियाडच्या तयारीची पोरं असतात, काही हौशी मोठी माणसंही. हा विषय वर्षातून एकदा तरी होतोच, त्यामुळे या नावांशी माझी झटापट बरीच झालेली आहे. उत्तर आधीच सांगून टाकतो. काही नावं चावट आहेत, काही कमालीची नेमकी आहेत, आणि बरीचशी एकाच वेळी दोन्ही आहेत. पण या सिद्धांतात 'नाव' ही चीजच जरा निराळी आहे. इथे एखाद्या डावाची किंमत काढायची म्हणजे त्याचं खरं नाव शोधायचं. दिसायला अगदी वेगळे असलेले दोन डाव एकाच नावाचे निघाले, तर कुठल्याही मोठ्या खेळात एकाच्या जागी दुसरा बेधडक ठेवता येतो, निकाल बदलत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीच्या नावांची चेष्टा कुठे संपते आणि गणित कुठे सुरू होतं ते दिसायला लागतं.

गल्लत नको म्हणून एक गोष्ट. पेपरात 'गेम थिअरी' वाचतो ती बहुतेक वेळा फोन नॉयमान आणि नॅश यांची असते: लिलाव, निवडणुका, शस्त्रस्पर्धा, समोरच्याच्या मनात काय आहे याचा अंदाज. कॉनवेंची गेम थिअरी ती नव्हे. इथे फासे नाहीत, झाकलेली पानं नाहीत. म्हणून मी 'द्यूत' हा शब्द इथे टाळतो, कारण द्यूत म्हटलं की शकुनी आलाच. दोघं आळीपाळीनं चाल करतात, आणि ज्याच्यावर पाळी असताना चाल उरलेली नसते तो हरतो. एवढाच नियम. गंमत अशी की १९८६ साली केंब्रिज सोडून कॉनवे प्रिन्स्टनला गेले ते तिथल्या जॉन फोन नॉयमान यांच्या नावाच्या अध्यासनावर.

आता सर्वात जुन्या नावापासून सुरुवात करू: निम. काड्यांचे किंवा चिंचोक्यांचे ढीग घ्यायचे. आपल्या पाळीला कुठल्याही एकाच ढिगातून हवे तेवढे उचलायचे. शेवटचा चिंचोका उचलणारा जिंकला. हार्वर्डचे चार्ल्स बाउटन यांनी १९०१ साली याचा संपूर्ण उलगडा प्रसिद्ध केला आणि खेळाला हे नाव दिलं. का दिलं, ते मात्र लिहिलं नाही. जर्मनमध्ये 'निम्' म्हणजे 'घे', आणि बाउटन यांची डॉक्टरेट लाइपझिगची होती. जुन्या इंग्रजीतही या शब्दाला 'उचलणे, लांबवणे' असा अर्थ होता. तिसरी गंमत रोमन लिपीतली: नाव मोठ्या अक्षरांत लिहून कागद उलटा फिरवला की 'विन' वाचता येतं. ही तिसरी गोष्ट पोरांना सर्वात जास्त आवडते. माझ्या मते तो निव्वळ योगायोग आहे.

वर्गात मी ३, ४ आणि ५ चिंचोक्यांचे ढीग मांडतो आणि पहिली चाल काय, विचारतो. आकडे द्विमान पद्धतीत एकाखाली एक लिहायचे: ०११, १००, १०१. उभ्या रांगांची बेरीज करायची, पण हातचा घ्यायचा नाही. सम आलं तर शून्य, विषम आलं तर एक. इथे ०१० येतं, म्हणजे २. शून्य आलं नाही याचा अर्थ पहिला खेळणारा जिंकू शकतो. मधल्या रांगेतला एकटा १ घालवायचा आहे आणि तो तीनच्या ढिगात आहे. तिथून दोन उचला. उरले १, ४, ५. आता बेरीज शून्य. समोरचा काहीही करो, तुम्ही पुन्हा शून्यावर आणत राहायचं. हातचा न घेता केलेल्या या बेरजेच्या संख्यांना कॉनवे आणि मंडळी 'निंबर' म्हणतात: निम अधिक नंबर.

१९३५ च्या सुमारास जर्मनीत श्प्राग यांनी आणि १९३९ मध्ये इंग्लंडमध्ये ग्रंडी यांनी, एकमेकांच्या नकळत, एक जबरदस्त गोष्ट दाखवली. दोघांनाही सारख्याच चाली उपलब्ध असलेला आणि कधीतरी संपणारा कुठलाही खेळ घ्या, तो आतून निमचा एक ढीगच असतो. कोणता ढीग? या स्थितीतून जिथे जिथे जाता येतं त्या स्थितींची नावं लिहा आणि त्यात नसलेला सर्वात लहान आकडा घ्या. यादीत ०, १ आणि ३ असतील तर नाव २. मी सांगतो, हजेरी घे, गैरहजर असलेला सर्वात लहान रोल नंबर हेच तुझं नाव. एरवी हे प्रमेय सांगताना गणिती लोक 'समतुल्य' वगैरे शब्द वापरतात, पण मुळात ते बारसंच आहे. पाळण्यात कुठलंही पोर असू दे, नाव ठरलेल्या यादीतूनच निघणार.

कॉनवेंचं काम इथून पुढचं. दोघांच्या चाली वेगवेगळ्या असल्या तर? बुद्धिबळात पांढऱ्याची प्यादी काळा हलवू शकत नाही, तसं. केंब्रिजच्या गणित विभागात लोक 'गो' हा काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा पटावरचा खेळ खेळत बसायचे. ते बघताना कॉनवेंच्या लक्षात आलं की शेवटाकडे मोठा डाव छोट्या छोट्या स्वतंत्र डावांत फुटतो आणि पूर्ण डाव म्हणजे त्या तुकड्यांची बेरीज. मग बेरीज करायला तुकड्यांना आकडे हवेत.

खेळाडूंना त्यांनी डावा आणि उजवा म्हटलं. इंग्रजीत निळ्या रंगाच्या शब्दात 'एल' येतो आणि लाल रंगाचा शब्द 'आर'नं सुरू होतो, म्हणून निळं ते डाव्याचं, लाल ते उजव्याचं. मराठीत ही रंगाची खूण निसटते, पण 'डाव' आणि 'डावा' ही जोडी फुकटात मिळते. एक सावधगिरी: डाव्याच्या फायद्याची किंमत धन धरतात. संख्यारेषेवर धन उजवीकडे असतं, त्यामुळे पहिला आठवडा पोरं हमखास उलटंसुलटं करतात.

आता निळ्या-लाल काड्यांचं झुडूप. काड्या जमिनीला जोडलेल्या आहेत. डावा निळी काडी तोडतो, उजवा लाल. तोडल्यावर जे जमिनीपासून सुटतं ते सगळं नाहीसं. एकटी निळी काडी म्हणजे डाव्याची हातची एक चाल. तिचं नाव १. एकटी लाल म्हणजे वजा १. खाली निळी आणि तिच्या डोक्यावर लाल असेल तर? डाव्याच्या बाजूचं आहे हे खरं, पण पूर्ण एक चाल नाही. नाव निघतं १/२. हे मी फळ्यावर सिद्ध करत नाही, खेळायला लावतो. अशा दोन देठांबरोबर एक सुटी लाल काडी ठेवा. अर्धा अधिक अर्धा वजा एक, म्हणजे शून्य यायला हवं, आणि शून्य म्हणजे जो सुरू करील तो हरेल. डाव्यानं सुरुवात केली आणि एका देठाची निळी तोडली, तर तो अख्खा देठ गेला. उजवा दुसऱ्या देठाची वरची लाल छाटतो. उरली एक निळी, एक लाल, पाळी डाव्याची. तो निळी तोडतो, उजवा लाल, आणि डाव्याकडे काही उरत नाही. उजव्यानं सुरुवात केली तर तोच अडकतो, स्वतः करून बघा. अर्धी चाल ही गोष्ट आधी थट्टा वाटते आणि दहा मिनिटांनी पोरं पाव चाल कशी दिसेल ते विचारायला लागतात. (त्याच देठावर आणखी एक लाल.)

हीच पद्धत अनंतापर्यंत ताणली की सगळे पूर्णांक, अपूर्णांक, वास्तव संख्या मिळतात आणि त्यापलीकडे अनंत मोठ्या आणि अनंत लहान संख्याही. कॉनवे यांना फक्त 'संख्या' म्हणायचे. 'सररिअल' हे नाव डोनाल्ड कनूथ यांनी १९७४ मधल्या छोटेखानी पुस्तकात दिलं आणि तेच टिकलं. कॉनवेंचा स्वतःचा ग्रंथ १९७६ चा. हे एक नाव मराठीत इंग्रजीपेक्षाही चांगलं बसतं असं मला वाटतं. नववीच्या पोराला 'वास्तव संख्या' माहीत असतात. त्यापलीकडच्या या संख्यांना 'अतिवास्तव संख्या' म्हटलं की वेगळं समजावावं लागत नाही.

पण सगळे डाव संख्या नसतात, आणि खरी मजा तिथे आहे. बुद्धिबळाच्या पटावर डॉमिनो, म्हणजे शेजारची दोन घरं व्यापणारी सोंगटी, ठेवण्याचा खेळ घ्या: डावा उभे ठेवतो, उजवा आडवे. इंग्रजी एल अक्षरासारखी तीन घरं उरली आहेत. डाव्यानं उभा ठेवला तर एक घर उरतं, कोणाच्याच कामाचं नाही. उजव्यानं आडवा ठेवला तरी तेच. ज्याची पाळी तो खेळणार आणि दुसरा अडकणार. याचं नाव 'स्टार'. निमचा एक चिंचोका म्हणजेही स्टारच. हे शून्यापेक्षा मोठं नाही, लहान नाही आणि शून्याएवढंही नाही. दोन स्टार एकत्र आले की मात्र बरोबर शून्य होतं. अशा डावांना 'फझी' म्हणतात आणि ते शून्याशी 'कन्फ्यूज्ड' असतात.

इथे मी सुरुवातीला घोटाळा करून ठेवला होता. फझीला 'धूसर' म्हणायचो. पोरांना वाटायचं, किंमत नक्की माहीत नाही म्हणून धूसर. एकानं वहीत 'अंदाजे शून्य' असंही लिहिलं होतं. चूक माझीच. स्टारच्या बाबतीत अंदाजे काहीच नाही, सगळं लख्ख माहीत आहे. अनिश्चित आहे ते फक्त कोण जिंकणार, आणि तेही पाळी कुणाची हे सांगितलं की ठरतं. पुढच्या वर्षी 'गोंधळी' म्हणून पाहिलं. मागच्या बाकावरून लगेच आलं, "सर, संबळवाले?" वर्ग हसला, पण शब्द टिकला. हल्ली आमच्याकडे स्टार हा गोंधळी आहे.

'अप' हा डाव असा: डावा शून्यावर जाऊ शकतो, उजवा स्टारवर. हा नेहमी डाव्याच्या बाजूचा, कोणीही सुरू केलं तरी डावा जिंकतो. तरीही तुम्ही सांगाल त्या धन संख्येपेक्षा लहान. बाण वर, म्हणून 'अप'. उलट केला की 'डाउन'. एक अप स्टारपुढे गोंधळतो, दोन अप एकत्र आले की स्टारपेक्षा मोठे होतात. 'टायनी' तर त्याहूनही चिमुकलं आणि त्याचं ऋण रूप 'मिनी', पोरांच्या गाण्यातल्यासारखं यमक जुळवून. ही नावं लक्षात राहण्यासाठी आहेत, यापलीकडे त्यात काही शोधू नये.

'हॉट' आणि 'कोल्ड' यांचं मात्र तसं नाही. इथे नावानं गणित पुढे नेलं आहे. दोन बाय दोनचा चौकोन मोकळा असेल तर डाव्याच्या एका उभ्या डॉमिनोनंतर त्याला आणखी एक हातची चाल उरते, म्हणजे १. उजव्यानं आधी खेळलं तर वजा १. जो पहिला पोचेल त्याचा मोठा फायदा. दोघांनाही तिथे घाई आहे, म्हणून तो डाव तापलेला. उलट १/२ सारख्या संख्येत चाल केली की आपलंच नुकसान होतं, तिथे कोणाला हात घालायचा नसतो. तो थंड.

बरं, किती तापलेला? समजा एका जागी डाव्यानं खेळलं तर १० मिळतात आणि उजव्यानं खेळलं तर २ उरतात. आता प्रत्येक चालीवर कर बसवा. कर १ असेल तर ९ आणि ३, कर ३ असेल तर ७ आणि ५. कर ४ झाला की दोन्हीकडे ६ येतात आणि तिथे खेळण्यात कोणालाच राम उरत नाही. डाव गोठला. म्हणून तापमान ४, आणि गोठल्यावरची किंमत ६. सरासरी किमतीची कल्पना आधीची होती: मिल्नर यांनी १९५३ मध्ये आणि हॅनर यांनी १९५९ मध्ये डावांच्या बेरजा अभ्यासल्या होत्या. पण उष्णतेची भाषा आल्यावर प्रश्नच बदलले. कर लावणं म्हणजे थंड करणं. मग अर्धवट थंड केलं तर? करानुसार दोन्ही बाजू कशा जवळ येतात याचा आलेख काढला तर? त्या आलेखाचं नाव थर्मोग्राफ. एल्विन बर्लेकँप आणि डेव्हिड वुल्फ यांनी १९९४ मध्ये 'गो'चे शेवटचे डाव एक अंशानं गार करून, म्हणजे १ कर लावून दाखवले, आणि त्या हिशेबावर भल्याभल्या व्यावसायिक खेळाडूंना चकवणाऱ्या स्थिती रचल्या. कराचीच भाषा राहिली असती तर 'एक अंश गार करून बघू' असं कुणाला सुचलं असतं का, मला शंका आहे.

याच गरम-थंडाची एक सुरेख जोडी आहे, 'कोल' आणि 'स्नॉर्ट'. दोन्हीत नकाशातले प्रदेश आपापल्या रंगानं रंगवायचे. कोलमध्ये शेजारशेजारचे प्रदेश एका रंगाचे चालत नाहीत, स्नॉर्टमध्ये वेगवेगळ्या रंगांचे चालत नाहीत. कोलमध्ये आपण रंगवलेल्या प्रदेशाच्या शेजारची जागा आपल्यालाच बंद होते, म्हणून तो थंड. किंमत नेहमी एखादी संख्या, नाहीतर संख्या अधिक स्टार. स्नॉर्टमध्ये शेजार दुसऱ्याला बंद होतो, म्हणून तो सणसणीत गरम. नावं माणसांवरून आलेली आहेत: कोल हा कॉलिन व्हाउट यांचा, स्नॉर्ट हा सायमन नॉर्टन यांचा, आद्याक्षर आडनावाला चिकटवून. 'मॉन्स्ट्रस मूनशाइन' या नावाचा १९७९ चा प्रसिद्ध लेख कॉनवेंबरोबर लिहिणारे नॉर्टन हेच.

शुद्ध कोट्यांपैकी दोन सांगतो. डाव्याला कधीही 'पास' म्हणता येईल असा डाव म्हणजे 'ऑन', उजव्याला म्हणता येईल तो 'ऑफ'. ऑन अधिक ऑफ बरोबर 'डड', कारण मग खेळ संपतच नाही. आणि 'ईव्हिल-ओडियस': द्विमान रूपात १ हा अंक सम वेळा आला तर संख्या ईव्हिल, विषम वेळा आला तर ओडियस, इंग्रजीतल्या इव्हन आणि ऑडवरून. हे टाकाऊ नाही. नाणी उलटण्याच्या एका खेळात सगळ्या किमती ओडियसच येतात. याचं मराठी कसं करणार, म्हणून मी हात टेकले होते. मग एका आठवीतल्या मुलीनं सुचवलं: सम असेल तर समंध, विषम असेल तर विषारी. मला हे मूळ नावापेक्षा सरस वाटतं. ३ म्हणजे ११, समंध. ७ म्हणजे १११, विषारी.

नावं ठेवण्याची ही हौस आपल्याकडे नव्हती असं नाही. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी आपल्या अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या संख्यांना 'हर्षद' म्हटलं, हर्ष देणाऱ्या. आणि एका संख्यामालेला 'डेम्लो', कारण ती कल्पना सुचली ते डोंबिवली स्टेशन तेव्हा त्या नावानं ओळखलं जायचं. मार्टिन गार्डनर यांच्या मासिकातल्या गणिताच्या सदरानं १९७० मध्ये कॉनवेंचा 'लाइफ' हा खेळ जगभर नेला, १९७५ मध्ये त्याच सदरात कापरेकर आले. फरक एवढाच की हर्षद संख्येच्या नावातून तिचा गुणधर्म कळत नाही, तापलेल्या डावाच्या नावातून कळतो.

तेव्हा भाषांतराबद्दल माझी पद्धत सांगतो. ज्या नावात कल्पना आहे तिचं मराठी करा: गरम, थंड, गोठणं, तापमान, अतिवास्तव. पोरं त्यावरून पुढचं स्वतः ओळखतात. माणसांची आणि खेळांची नावं तशीच ठेवा: निम, कोल, स्नॉर्ट. अप आणि डाउनला वर-खाली म्हणू नका, कारण 'वर' हा शब्द वाक्यात इतरत्र इतक्या वेळा येतो की 'वरपेक्षा वर' असलं काहीतरी लिहून बसाल. मी लिहिलेलं आहे. कोटी असेल तिथे अनुवाद करत बसू नका, आपली नवी कोटी शोधा, किंवा वर्गाला शोधू द्या. टायनी-मिनीसाठी आमच्याकडे अजून काही जमलेलं नाही. 'इवलं-टिवलं' असं एकानं सुचवलंय, या वर्षी वापरून बघणार आहे.